हजेरीपटावर नाव हवे

नागोठण्याच्या पंचक्रोशीत कामाचा दुष्काळ आहे, असे कोणाला म्हणता येणार नाही. अंबा नदीकाठचे हे जुने बंदराचे गाव १९९० च्या सुमारास मुंबई हायच्या वायूवर चालणाऱ्या पेट्रोरसायन प्रकल्पाचे गाव झाले. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत आहे, पेण तालुक्यात डोलवीचा पोलाद कारखाना आहे, आणि पेण शहरापासून हमरापूर-जोह्यापर्यंत गणेशमूर्तींचे कारखाने वर्षातले बहुतेक महिने गजबजलेले असतात. पाळ्यांच्या गाड्या पहाटेपासून धावतात. कंत्राटदार दूरदूरच्या प्रांतांतून माणसे आणतात. आणि तरीही ह्याच पट्ट्यात एक वर्ग असा आहे, की ज्याच्या दारासमोर ह्यांपैकी एखादी गाडी क्वचितच थांबते. वयाची अठरा वर्षे ओलांडलेल्या अपंग मुलामुलींचा तो वर्ग होय.

आम्ही 'अपंग' हा जुना शब्द वापरतो, ह्याचा कोणी राग मानू नये. शासनाने आता 'दिव्यांग' हा शब्द रूढ केला आहे. महाराष्ट्राने ३ डिसेंबर २०२२ रोजी त्याच नावाचा स्वतंत्र विभागही स्थापन केला. नाव गोड झाले, ह्याबद्दल आमची तक्रार नाही. आमची तक्रार एवढीच आहे, की नाव बदलण्याची तत्परता कारखान्याच्या आणि कचेरीच्या दाराशी येताच थबकते. २०११ च्या जनगणनेत देशातील अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख भरली आणि त्यांतील शंभरांपैकी अवघे ३६ जण कोणत्या ना कोणत्या कामावर असल्याचे आढळले. स्त्रियांत हे प्रमाण शंभरांत २३ होते. ह्या आकड्यांपुढे शब्दांचे वाद फिके पडतात.

अशा मुलांसाठी काहीच केले जात नाही, असे मात्र नाही. पुष्कळ केले जाते. आणि नेमके तेच आमच्या आक्षेपाचे कारण आहे. जे केले जाते त्याचे नाव प्रशिक्षण. विशेष शाळा संपली, की कर्मशाळा. कर्मशाळेत मेणबत्त्या, पणत्या, कागदी पिशव्या, पाकिटे, खडू. मग कोणत्या तरी योजनेतून तीन महिन्यांचा शिवणकामाचा वर्ग, पुढल्या वर्षी संगणकाचा, त्यापुढच्या वर्षी पुन्हा शिवणकामाचा. प्रत्येक वर्गाच्या शेवटी समारंभ, पाहुणे, छायाचित्र आणि प्रमाणपत्र. वीस-बावीस वर्षांच्या मुलाच्या घरी प्रमाणपत्रांची चळत साठते आणि मुलगा ओटीवर बसलेला राहतो. २०१५ साली केंद्र शासनाने अपंगांच्या कौशल्यविकासाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०२२ पर्यंत २५ लाख व्यक्तींना प्रशिक्षण देण्याचे लक्ष्य त्यात होते. लक्ष्य प्रशिक्षणाचे होते, हे लक्षात घ्यावे. किती जण शिकले हा आकडा मोठ्या टायपात छापला जातो. शिकून दोन वर्षे झाल्यावर त्यांतले किती जण पगारपत्रकावर होते, हा आकडा क्वचितच कोणी विचारतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. आधी प्रशिक्षण आणि मग काम, हा क्रमच चुकीचा आहे. आधी कामाची जागा द्यावी आणि त्या जागेवरच शिकवावे.

ह्यात नवल ते काय? धडधाकट मुलाच्या बाबतीत आपण हेच करतो. गॅरेजमध्ये पोऱ्या म्हणून लागलेल्या मुलाकडे कोणी प्रमाणपत्र मागत नाही. तो पाने उचलून देतो, चाके काढतो, शिव्या खातो आणि दोन वर्षांत मेकॅनिक होतो. पेणच्या मूर्तिकारांच्या घरची मुले कोणत्या वर्गात जाऊन घडली? साच्यातून मूर्ती काढणे, सांधे बुजवणे, पॉलिशपेपरने घासणे, अस्तराचा रंग देणे, अंगाचा रंग देणे, आणि अखेरीस डोळ्यांची आखणी, अशा पायऱ्यांनी काम चालते. ज्याला जी पायरी साधते तो त्या पायरीवर बसतो. डोळे आखणारा हात हजारांत एखाद्याचा. पण घासणारे, रंगवणारे, गवतात बांधून खोक्यात भरणारे हातही तितकेच लागतात, आणि त्यांतला एखादा हात सावकाश चालणारा असला, म्हणून गणपती चतुर्थीला पोहोचायचा राहत नाही. अपंग मुलापुढे मात्र आपण अट ठेवतो: आधी तू संपूर्ण तयार हो, मग आम्ही विचार करू. ही अट आपण आपल्या स्वतःच्या मुलाला कधी घातली होती काय?

जगाने ह्या क्रमाची उलटापालट केव्हाच करून पाहिली आहे. अमेरिकेतील सिनसिनाटी येथील मुलांच्या रुग्णालयात १९९६ साली 'प्रोजेक्ट सर्च' नावाचा उपक्रम सुरू झाला. शाळेच्या शेवटच्या वर्षातील बौद्धिक अपंगत्व असलेली मुले ते संपूर्ण वर्ष शाळेच्या इमारतीत न घालवता रुग्णालयातच घालवतात. वर्षभरात तीन निरनिराळ्या विभागांत त्यांना खरे काम दिले जाते, उपकरणांच्या पेट्या भरण्याचे, साठा लावण्याचे, कागदपत्रे पोहोचवण्याचे. शिक्षक तेथेच असतो, कामाची उकल करून दाखवतो आणि हळूहळू मागे सरतो. ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली. ह्यात यंत्र नाही, औषध नाही, मोठा खर्च नाही. वर्ग भरवण्याची जागा बदलली, एवढेच.

आपल्याकडेही माणसे कमी पडली नाहीत. बाबा आमटे ह्यांनी १९४९ मध्ये आनंदवनाचा पाया घातला आणि ज्यांना समाजाने टाकून दिले होते त्यांच्या हातून विहिरी, शेती, इमारती उभ्या केल्या. दान माणसाला खाली ओढते आणि काम त्याला उभे करते, ही त्यांची शिकवण महाराष्ट्राला पाठ आहे. पुण्यात सिंधुताई जोशी ह्यांनी १९६४ मध्ये 'कामायनी' सुरू केली, तेव्हा मतिमंद मुलांना काही शिकवता येते हेच पुष्कळांना पटत नव्हते. मुंबईत २००९ पासून कर्णबधिर तरुणांनी 'मिरॅकल कुरिअर्स'ची टपाले घरोघर पोहोचवून दाखवली. होसूरच्या टायटन घड्याळांच्या कारखान्यात १९८० च्या दशकापासून अपंग कामगार काम करीत आले आहेत. हे होऊ शकते की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. आमचा प्रश्न असा, की वरोऱ्याला, पुण्याला, होसूरला जे होते ते नागोठण्याला का होऊ नये? आनंदवनाला सहल नेऊन, डोळे पुसून परत येणे सोपे आहे. आपल्या गावात एका माणसाची जागा करणे कठीण वाटते.

आता कायद्याकडे वळू. अपंगांसाठी देशातील पहिले खास सेवायोजन कार्यालय १९५९ मध्ये मुंबईत उघडले गेले. १९६८ मध्ये व्यवसाय पुनर्वसन केंद्रही मुंबईला मिळाले. १९७७ मध्ये केंद्राने 'क' व 'ड' वर्गांच्या पदांत ३ टक्के जागा राखून ठेवल्या. १९९५ च्या कायद्याने ते आरक्षण पक्के केले. पण हे ३ टक्के नेमके कशाचे मोजायचे, ह्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाकडून येण्यास ऑक्टोबर २०१३ उजाडावा लागला. कायदा होऊन तोवर अठरा वर्षे लोटली होती. त्या काळात जन्मलेले मूल मतदार झाले, परंतु टक्केवारीचा हिशेब पुरा झाला नव्हता! २०१६ च्या नव्या कायद्याने आरक्षण ४ टक्के केले, अपंगत्वाचे प्रकार २१ मानले आणि बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता, मानसिक आजार असलेल्यांनाही प्रथमच त्यात वाटा दिला. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु हे सारे सरकारी दारापुरते आहे.

आणि सरकारी दारे तर एकेक करून कमी होत आहेत. नागोठण्याचेच पाहा. येथला प्रकल्प उभारला तो इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशन ह्या केंद्र सरकारच्या कंपनीने. सरकारी कंपनी म्हणून १९९५ चा कायदा आणि त्यातले ३ टक्के तिला लागू होते. २००२ मध्ये शासनाने आपला २६ टक्के वाटा रिलायन्स समूहाला विकला, शासनाचा हिस्सा निम्म्याच्या खाली आला, २००७ मध्ये कंपनी विलीनही झाली. ह्यात कोणा कंपनीला बोल लावण्याचा आमचा हेतू नाही. मालकी बदलली ती कायद्याने बदलली. पण त्या व्यवहाराच्या दिवशी ह्या गावच्या अपंग मुलाचा त्या दारावरचा हक्क एका सहीनिशी संपुष्टात आला, आणि त्याबद्दल कोणी एक वाक्यही उच्चारले नाही. खाजगी मालकाला कायदा एवढेच सांगतो, की मनुष्यबळात निदान ५ टक्के अपंग असावेत म्हणून शासन सवलती देईल. जर्मनीतही आकडा ५ टक्क्यांचाच आहे. तेथे वीस किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाने तो पाळला नाही, तर त्याला दरमहा भरपाई मोजावी लागते. आकडा एकच, तेथे ते कर्तव्य आहे आणि येथे आर्जव आहे. आर्जवाचे फळ काय, तेही पाहून झाले आहे. अपंग कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा वाटा तीन वर्षे शासन भरील, अशी योजना २००८ मध्ये आली होती. वर्षाला लाखभर नोकऱ्या निघतील अशी तिची अपेक्षा होती. तिच्या जवळपासही ती पोहोचली नाही.

वेतनाविषयी तर बोलण्याचीच लाज वाटावी. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात, अपंग कामगारांना हा कायदा लागू नाही असे जाहीर करण्याची मुभा सरकारला दिलेली होती. अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्यातही तशीच पळवाट आहे. आपल्याकडचा तो कायदा नव्या वेतनसंहितेमुळे इतिहासजमा झाला. त्यामागची मनोवृत्ती झालेली नाही. दिवसभर पाकिटे चिकटवणाऱ्या तरुणाला महिन्याच्या अखेरीस जे हातावर ठेवले जाते त्याला 'मानधन' म्हणतात, कधी 'प्रोत्साहन' म्हणतात, कधी 'खाऊ' म्हणतात. पंचवीस वर्षांच्या पुरुषाला खाऊ! मजुरी हा शब्द तेवढा टाळला जातो, कारण मजुरी म्हटली की हिशेब आला.

येथे आम्हाला शुभवर्तमानातला वाळलेल्या हाताचा मनुष्य आठवतो. प्रभू येशूने त्याला सभास्थानाच्या मधोमध उभे राहायला सांगितले, हे संत मार्क आवर्जून नोंदवतो. मागच्या बाकावर नव्हे, बाहेरच्या पडवीतही नव्हे. संत जेरोमने मत्तयाच्या शुभवर्तमानावरील आपल्या भाष्यात एक जुनी परंपरा सांगितली आहे: आरंभीच्या यहुदी ख्रिस्ती लोकांत प्रचलित असलेल्या एका शुभवर्तमानानुसार हा मनुष्य गवंडी होता, आणि भीक मागण्याची लाज आपल्यावर येऊ नये, हातांनी पोट भरता यावे, म्हणून त्याने प्रभूकडे याचना केली होती. त्याला दया नको होती, त्याला थापी परत हवी होती. हात बरा करण्याचे सामर्थ्य आपल्यापाशी नाही. थापी देण्याचे मात्र आहे.

आणि ख्रिस्तसभेची शिकवण ह्या बाबतीत मुळीच संदिग्ध नाही. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी सप्टेंबर १९८१ मध्ये मानवी श्रमावर 'लाबोरेम एक्सर्चेन्स' हे विश्वपत्र प्रसृत केले. त्याचा एक संपूर्ण परिच्छेद अपंग व्यक्ती आणि काम ह्या विषयाला वाहिलेला आहे. केवळ संपूर्ण कार्यक्षम असलेल्यांनाच समाजात आणि कामात प्रवेश देणे, हा सशक्तांनी अशक्तांविरुद्ध केलेला गंभीर भेदभाव आहे, असे त्याचे सार आहे. योग्य वेतन, बढतीची संधी, वाटेतले अडथळे दूर करणे, हे सारे तेथे नाव घेऊन सांगितले आहे. सर्वसाधारण उद्योग, सोयी करून घेतलेल्या जागा आणि संरक्षित कार्यशाळा, अशा तिन्ही वाटा ते मान्य करते. आपण मात्र तिसरी वाट धरली आणि पहिल्या दोन्ही विसरलो.

म्हणून कारखानदारांकडे बोट दाखवण्यापूर्वी आपण आपल्याच घरात डोकावले पाहिजे. आपल्या समाजाकडे शाळा आहेत, महाविद्यालये आहेत, रुग्णालये आहेत, पतपेढ्या आहेत, छापखाने आहेत, सभागृहे आहेत. अपंगांच्या शिक्षणात आपल्या धर्मभगिनींनी केलेले कार्य कोणीही नाकारणार नाही. मुंबईत सोफिया महाविद्यालयाच्या आवारात १९७३ साली सुरू झालेली साधना शाळा हा त्याचाच एक पुरावा. पण शिकवणारे आपण आणि कामावर घेणारे दुसरे कोणीतरी, अशी ही विभागणी कोणी ठरवली? नाताळच्या बाजारात विशेष मुलांनी केलेली मेणबत्ती आपण विकत घेतो, वेदीवर लावतो आणि त्या प्रकाशात आपले समाधान होते. ती मेणबत्ती करणारा तरुण आपल्या शाळेच्या ग्रंथालयात, रुग्णालयाच्या औषधभांडारात, पतपेढीच्या टपालखिडकीवर का बसत नाही, असा प्रश्न मिस्सा संपल्यावर कोणी विचारीत नाही.

कायदा आपल्याला लागू नाही, अशा भ्रमातही कोणी राहू नये. २०१६ च्या कायद्यातील 'खाजगी आस्थापना' ह्या संज्ञेत कंपनीबरोबर सहकारी संस्था, न्यास आणि संघही येतात. शासकीय अनुदान घेणाऱ्या संस्था तर सरकारी आस्थापनेच्या व्याख्येत बसतात. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक खाजगी आस्थापनेने आपले समान संधी धोरण जाहीर केले पाहिजे, अपंगांना योग्य अशी पदे कोणती ते त्यात सांगितले पाहिजे आणि त्यासाठी एक संपर्क अधिकारी नेमला पाहिजे, असे २०१७ चे नियम सांगतात. अल्पसंख्याकांच्या घटनादत्त हक्काची ढाल येथे पुढे करणे आम्हाला शोभणार नाही. तो हक्क आपल्याला दुर्बळ म्हणून मिळाला. तो आपल्याहून दुर्बळ असलेल्याविरुद्ध वापरायचा नसतो.

आक्षेप येतील, आणि त्यांतले काही प्रामाणिक असतील. रासायनिक कारखाना धोक्याचा, तेथे कसे घ्यावे, असे म्हटले जाईल. धोक्याच्या जागी कोणी कोणालाही उभे करावे असे आम्ही म्हणत नाही. पण प्रत्येक कारखान्याला उपाहारगृह असते, भांडार असते, दप्तर असते, बाग असते, गणवेश धुण्याची सोय असते. तेथे कोणता वायू गळतो? उत्पादन घटेल, असे म्हटले जाईल. काही ठिकाणी काही दिवस घटेलही. दर सणाला आणि दर लग्नसराईत गैरहजर राहणाऱ्या धडधाकटांमुळे किती घटते, त्याचाही हिशेब मग शेजारी मांडावा. आईवडील म्हणतील, बाहेर त्याची थट्टा होईल, घरी सुरक्षित आहे. त्यांची भीती खरी आहे, तिला हसण्याचा अधिकार कोणाला नाही. तरीही त्यांना विचारावेसे वाटते, तुमच्या पश्चात काय? आणि शासनालाही एक विचारायचे आहे. संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान उत्पन्नाच्या मर्यादेशी बांधलेले आहे. नोकरी लागली की अनुदान जाण्याची धास्ती, आणि नोकरी सहा महिन्यांत सुटली तर पुन्हा दाखले, पुन्हा तहसील कचेरीच्या खेपा. ह्या धास्तीपायी कुटुंबे कामच नाकारतात. काम लागल्यावर निदान दोन वर्षे अनुदान चालू ठेवले, तर शासनाचे दिवाळे निघणार नाही.

तेव्हा नागोठणे, पेण आणि रोहे ह्या टापूसाठी आमची मागणी साधी आहे. प्रत्येक मोठ्या आस्थापनेने, आणि त्यात आपल्या संस्था सर्वांआधी आल्या, दोन-तीन अपंग तरुणांना वर्षभरासाठी कामाच्या खऱ्या जागी घ्यावे. चार-चार महिने तीन विभागांत काम द्यावे. पहिल्या दिवसापासून मोबदला द्यावा आणि त्याला मजुरीच म्हणावे. सोबत काम उकलून दाखवणारा एक माणूस असावा. त्याच्या पगारासाठी पैसा नाही, असे कोणी सांगू नये: ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी अपंगांसाठी खर्च करायचा असतो, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचा २ टक्के भाग समाजकार्यासाठी बाजूला काढायला लावले आहे, त्या कामांच्या यादीत अपंगांचे व्यवसायकौशल्यही आहे. हा पैसा आज खुर्च्या, कुबड्या आणि समारंभांत जातो. खुर्ची हवीच, पण खुर्चीत बसून जायचे कोठे, हेही ठरवायला हवे. एसटीच्या उंच पायऱ्या आणि रेल्वेस्थानकांवरचे जिने ह्यांचाही विचार त्याच बैठकीत व्हावा, कारण कामाची जागा मिळून तेथे पोहोचताच येत नसेल, तर ती मिळाली काय आणि न मिळाली काय!

द्राक्षमळ्याच्या दृष्टान्तात अखेरच्या तासापर्यंत बाजारात उभी राहिलेली माणसे आहेत. धनी त्यांना विचारतो, तेव्हा ती आळशी निघत नाहीत. त्यांना कोणी कामावर लावलेलेच नसते. त्या दृष्टान्तावरचे प्रवचन आपण दरवेळी धन्याच्या उदारपणाविषयी ऐकतो. पण त्या संध्याकाळपर्यंत शेकडो जण त्या बाजारातून गेले असतील, त्यांनी ही माणसे पाहिली असतील आणि ते पुढे गेले असतील. आम्हाला वाटते, त्यांच्याविषयीही एकदा प्रवचन व्हावे.

येत्या १ मे रोजी, श्रमिक संत योसेफाच्या सणादिवशी, आपल्या प्रत्येक धर्मग्रामाच्या आणि प्रत्येक संस्थेच्या फलकावर एक ओळ लिहिली जावी: आमच्या हजेरीपटावर इतकी अपंग माणसे आहेत. बहुतेक ठिकाणी त्या ओळीत शून्य लिहावे लागेल. ते शून्यही लिहावे. पुढल्या १ मे रोजी ते पुसून काढण्याची निकड त्यातूनच निर्माण होईल.